सासवड आणि सातारा

घरांतली गोष्ट चार लोकांत बोलूं नये, असा आमच्या घराण्याचा रिवाज आहे. वडिलांनीं तो पाळला, आम्हींही सत्तरी उलटेपर्यंत पाळला. आज तो मोडीत आहों, याचें कारण असें कीं, हा रिवाज आम्हीं इतक्या कसोशीनें पाळला नसता तर आमच्या नातवाचीं निदान पांच वर्षें वांचलीं असतीं. ज्याच्याविषयीं लिहावयाचें त्याची परवानगी घेतली आहे. "माझं नांव घालूं नका, बाकी काय हवं तें लिहा," असें त्यानें सांगितलें. म्हणून येथें त्याला 'नातू' एवढेंच म्हटलें आहे. शाळांचीं नांवेंही दिलेलीं नाहींत. कोणाची जाहिरात करावयाची नाहीं आणि कोणाची अब्रूही घ्यावयाची नाहीं.

आमचें बिऱ्हाड पुण्यास सदाशिव पेठेंत. जुना वाडा पडून त्या जागीं इमारत उभी राहिली तेव्हां शेजारशेजारचे दोन फ्लॅट घेऊन मधली भिंत फोडली, म्हणून अद्याप एकच स्वयंपाकघर आहे आणि दोन वेळां नऊ पानें मांडलीं जातात. थोरले चिरंजीव इंजिनियर, धाकटे बँकेंत, दोन्ही सुना पदवीधर. आम्ही स्वतः बत्तीस वर्षें एका माध्यमिक शाळेंत मराठी व संस्कृत शिकविलें. निकालाच्या दिवशीं पेढे वाटण्याची या घराला संवय होती. 'नापास' हा शब्द येथें उच्चारला जाई तो दुसऱ्यांच्या मुलांविषयीं, आणि तोही किंचित् दयेनें.

नातू धाकट्या चिरंजीवांचा. जन्म २०१० चा. बोलूं लागला तो लवकर, आणि बोलूं लागल्यावर थांबला नाहीं. सहाव्या वर्षीं रामरक्षा त्यानें केवळ कानानें उचलली. बंद पडलेला मिक्सर उघडून त्यांतली तुटलेली तार त्यानें आजीला दाखविली तेव्हां तो आठ वर्षांचा होता. अशा मुलाला वाचतां येत नसेल, ही शंका कोणाच्या मनांत येणार? आली ती एकीच्याच, आमच्या धाकट्या सूनबाईंच्या. तो दुसरींत असतांना एके दिवशीं त्या आम्हांस म्हणाल्या, "बाबा, याला अक्षरं दिसतात, पण लागत नाहींत." आम्हीं उत्तर दिलें, "आळस आहे. चार दिवस माझ्याकडे द्या." बत्तीस वर्षांच्या अनुभवाचें उत्तर होतें तें. सूनबाई पुढें कांहीं बोलल्या नाहींत. आमच्या घरांत सुना पुढें बोलत नाहींत, याचें कौतुक आम्हीं पुष्कळांकडे केलें आहे.

मग रोज संध्याकाळीं साडेसहाला आम्ही त्याला घेऊन बसूं लागलों. पाठांतर त्याचें उत्तम. शुद्धलेखन म्हणजे दोघांनाही शिक्षा. वाचन मात्र कांहीं दिवस अडखळत आणि कांहीं दिवस अगदीं ओघानें होई, त्यामुळें आमची खात्री पटत चालली कीं, प्रश्न मनाच्या चंचलपणाचा आहे. एके संध्याकाळीं तो धडा असा सुरेख वाचीत होता कीं, आम्हीं आनंदानें पान उलटलें, आणि चुकून दोन पानें एकदम उलटलीं गेलीं. तो वाचीतच राहिला. जें पान समोर नव्हतें तें वाचीत राहिला. दुपारीं आईनें तो धडा त्याला दोनदां वाचून दाखविला होता आणि त्यानें तो संबंध पाठ केला होता.

आज विचार करितां वाटतें, केवढी ही स्मरणशक्ति, आणि मनावर केवढी भीति असेल! त्या दिवशीं आम्हांस एकच शब्द सुचला, लबाडी. आम्हीं फूटपट्टी घेतली आणि त्याच्या तळहातावर मारली. किती मारल्या तें आम्हांस आठवत नव्हतें.

पुढचीं वर्षें आजार झांकण्यास फार सोयीचीं ठरलीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें आठवीपर्यंत नापास करण्यास बंदी घातली होती. ती पांचवी व आठवीपुरती सैल करण्याची मुभा राज्यांना २०१९ सालीं मिळाली, पण मध्यें टाळेबंदी आली. २०२० च्या मार्चपासून शाळा मोबाइलवर भरूं लागली. कानानें शिकणाऱ्या आमच्या नातवाला ती मानवली. परीक्षा नाममात्र झाल्या, उत्तरें आई लिहून घेई, आणि प्रगतिपुस्तकावर शेरे बरे आले. एक गोष्ट सांगावयास लाज वाटते. २००७ सालीं 'तारे ज़मीन पर' हा चित्रपट आला, तो आम्हीं सहकुटुंब पाहिला होता. सगळ्यांनीं डोळे पुसले. त्या चित्रांतला मुलगा आमच्या घरांत वाढत असतांना मात्र कोणाच्याही डोळ्यांवरचें पटल हललें नाहीं.

नववींत सगळें उघडें पडलें. ऑक्टोबर २०२४ च्या सहामाहींत पांच उत्तरपत्रिका कोऱ्या. शाळेंत वर्गशिक्षकांनीं त्याला उभें करून एक उतारा वाचावयास लावला. मुलें हंसलीं. तो दप्तर तेथेंच टाकून घरीं आला आणि दुसऱ्या दिवशीं उठला नाहीं. आधीं पोट दुखे, मग डोकें दुखे, मग कांहीं न दुखतांच दार बंद होई. जेवणाचें पान दारापाशीं ठेवावें लागे. रात्रीं जागा, दिवसा झोपलेला. एकदां त्यानें आरशावर मूठ मारली आणि हाताला चार टांके पडले. आमच्या सौभाग्यवतींनीं शनीची शांति केली, चिरंजीवांनीं मोबाइल काढून घेतला, आम्हीं उपदेश केला. तिन्हींचा परिणाम सारखाच झाला.

जानेवारी २०२५ मध्यें एका दुपारीं तो घरांत नव्हता.

आमची कन्या सासवडला असते. तिच्याकडे जावें असें त्याच्या मनांत आलें. खिशांत दीडशें रुपये. पायीं स्वारगेटला गेला, एस. टी. स्थानकांत उभ्या असलेल्या गाडीची पाटी पाहिली आणि चढून बसला. गाडी निघाल्यावर कंडक्टर तिकिटाला आला. "सासवड एक." कंडक्टर म्हणाला, "अरे, ही साताऱ्याची गाडी आहे, पाटी वाचली नाहीस?" गाडींतले लोक वळून पाहूं लागले. त्या सद्‍गृहस्थानें पुढें कांहींएक न बोलतां त्याला आपल्या शेजारीं बसविलें, घरचा नंबर विचारला (आंकडे त्याला कधींच चुकत नाहींत), स्वतःच्या फोनवरून सूनबाईंना कळविलें, आणि कात्रजला गाडी थांबवून चिरंजीव येईपर्यंत त्याला एका चहाच्या टपरीवाल्याच्या हवालीं केलें. त्या कंडक्टरचें नांवही आम्हीं विचारून ठेवलें नाहीं.

रात्रीं सगळे दिवाणखान्यांत बसलों होतों. रागावण्याचें त्राण कोणांत उरलें नव्हतें. नातू जमिनीकडे पाहून म्हणाला, "दोन्ही 'सा'नंच सुरू होतात."

आम्हीं आयुष्यभर मुलांना व्याकरण शिकविलें. त्या एका वाक्याचा अर्थ लागावयास आम्हांस रात्र पुरली नाहीं. चवदा वर्षांचा मुलगा पहिलें अक्षर पाहतो आणि पुढचें नशिबावर सोडतो! तसेंच तो आमच्यापुढें सात वर्षें वाचीत आला होता.

पुढच्याच आठवड्यांत मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलों. त्यांनीं दोन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या. एक, मुलगा खिन्नतेनें आजारी आहे आणि तिच्यावर औषध व बोलणें असे दोन्ही उपाय करावे लागतील. दुसरी, ही खिन्नता आकाशांतून पडलेली नाहीं, ती कोठून येते तें शोधण्यासाठीं त्याची बुद्धि आणि त्याचें वाचन हीं निरनिराळीं मोजलीं पाहिजेत. दोन दिवस चांचण्या झाल्या. त्यांतली एक बिने-कामत नांवाची. फ्रान्समध्यें आल्फ्रेड बिने यांनीं १९०५ सालीं बुद्धिमापनाची पहिली कसोटी तयार केली. ती आपल्याकडील मुलांना लागू पडेल अशी नव्यानें बसविण्याचें काम व्ही. व्ही. कामत यांनीं धारवाडला, मराठी व कानडी मुलांवर प्रयोग करून, १९३० नंतरच्या दशकांत केलें. हें आम्हांस ठाऊक नव्हतें. शिक्षकाचा व्यवसाय करून ठाऊक नव्हतें, हें नमूद करून ठेवतों.

निकाल सूनबाईंच्या हातीं दिला गेला. बुद्धि सरासरीहून बरीच वर. वाचन तिसरीच्या मुलाइतकें. आम्हीं तो कागद दोनदां मागून घेऊन वाचला. सूनबाई मात्र तो वाचून रडूं लागल्या, आणि तें रडणें दुःखाचें नव्हतें. सात वर्षें त्या जें म्हणत होत्या त्यावर आज कोणाची तरी सही झाली होती.

या व्यंगास अध्ययन अक्षमता म्हणतात. हें नांव अमेरिकेंत सॅम्युअल कर्क यांनीं १९६३ सालीं रूढ केलें, परंतु व्यंग जुनेंच. १८९६ सालीं प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरानें एका मुलाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकांत छापली. मुलगा चवदा वर्षांचा, हुषार, खेळांत चपळ, आंकडे येत. परंतु वर्षानुवर्षें शिकवूनही साधे शब्द वाचतां येत नसत. त्याच्या शिक्षकाचें मत असें होतें कीं, सगळें शिक्षण तोंडीं असतें तर हाच मुलगा शाळेंत सर्वांत हुषार ठरला असता. चवदा वर्षें! आम्ही तें वाचून पुस्तक मिटलें आणि बराच वेळ गॅलरींत उभे राहिलों. त्या शिक्षकाला निदान तेवढें दिसलें होतें.

आमच्या वर्गांत १९८७ सालीं शेवटच्या बांकावर एक मुलगा बसत असे. उत्तर तोंडीं विचारलें तर बरोबर, वही पाहिली तर भयंकर. आम्हीं त्याला एक संबंध सत्र उभें ठेवलें. सातवीनंतर तो शाळेंत आला नाहीं. त्याचा हजेरीक्रमांक सतरा होता हें आठवतें. नांव आठवत नाहीं. परवां जुन्या वह्या काढून पाहिल्या, त्यांत तें वर्ष नाहीं.

आतां करावयाचें काय, यावर घरांत तीन रात्री खल झाला. चाचणी घेणाऱ्या बाईंचें मत स्पष्ट होतें. केवळ परीक्षेंत सवलत घेऊन भागणार नाहीं. मुलगा शाळा या शब्दालाच भ्याला आहे. जेथें शिकविणें आणि उपचार हीं एकाच छपराखालीं चालतात अशा विशेष शाळेंत त्याला कांहीं वर्षें ठेवा. 'विशेष शाळा' हे शब्द उच्चारल्याबरोबर दिवाणखान्यांत शांतता पसरली. थोरले चिरंजीव म्हणाले, "तिथें मतिमंद मुलं असतात." थोरल्या सूनबाईंनीं नातीच्या लग्नाचा विषय काढला, स्थळें पाहणें चालू होतें. बोलण्यांत वाईट हेतु कोणाचाच नव्हता. आम्ही स्वतः काय म्हणालों तें सांगितलें पाहिजे. आम्ही म्हणालों, "दहावी होऊन जाऊं द्या, मग पाहूं." तेव्हां धाकट्या सूनबाई प्रथमच आमच्याशीं पुढें बोलल्या. "बाबा, दहावीपर्यंत तो राहील कां?" कोठें राहील, हें त्यांनीं सांगितलें नाहीं. आरशाच्या कांचा आम्हीं सर्वांनींच वेंचल्या होत्या.

तीन शाळा पाहिल्या. ज्यांना हें काम करावें लागेल त्यांच्यासाठीं थोडें विस्तारानें लिहितों. पहिल्या ठिकाणीं संगमरवरी दालनांत बसवून एका गृहस्थांनीं सहा महिन्यांत 'पूर्ण बरा' करून देण्याची हमी दिली आणि वर्षाची फी आधीं मागितली. हें बरें होण्याचें दुखणें नव्हे. यासह वाचावयास व जगावयास शिकतां येतें. हमी देणारास नमस्कार करून उठावें. दुसऱ्या ठिकाणीं निवासाची सोय होती, शिस्त कडक, मुलें रांगेंत. खोलीच्या दाराला कडी बाहेरून होती. ती आम्हांस आमच्या सौभाग्यवतींनीं दाखविली. आमचें लक्ष भिंतीवरच्या सुविचारांकडे होतें. पुरुषांनीं शाळा पाहावयास जातांना घरांतलें एक बाईमाणूस बरोबर न्यावें. मूल चिडलें म्हणजे तुम्ही काय करतां, आणि येथून गेलेलीं मुलें आतां कोठें आहेत, हे दोन प्रश्न विचारावे, आणि उत्तर देणारा खालीं पाहतो कीं आपल्याकडे, तें पाहावें.

तिसरी शाळा शहराच्या पश्चिमेस एका जुन्या बंगल्यांत. तिसांच्या आंतबाहेर मुलें, बहुतेक बारा ते अठरा वर्षांचीं. एका वर्गांत आठांहून अधिक नाहींत. मुख्याध्यापिकाबाईंनीं पहिल्या भेटींत मुलाला आणूं नका म्हणून सांगितलें, आणि घरांतलीं सगळीं मोठीं माणसें या म्हणून सांगितलें. आम्ही सहा जण गेलों. दोन तास आमचीच परीक्षा झाली. बाळंतपण कसें झालें, रांगला कधीं, पहिला शब्द कोणता, भीति कशाची वाटते. उत्तरें सगळीं सूनबाईंचीं. चिरंजीव दर प्रश्नाला पत्नीकडे पाहत होते. शेवटीं बाईंनीं विचारलें, "घरांत तो शेवटचा मनापासून कधीं हंसला?" या प्रश्नाला सूनबाईंजवळही उत्तर नव्हतें.

दुसऱ्या भेटींत नातू होता. बाईंनीं आमच्याकडे न पाहतां त्याला विचारलें, "तुला इथं यायचं आहे कां? नाहीं म्हणालास तरी चालेल." त्याला शाळेंत घालतांना हें आजवर कोणीं विचारलें नव्हतें, तसें तें आम्हांलाही कोणीं विचारलें नव्हतें. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मोठ्यानं वाचायला लावतात?"

"तूं म्हणेपर्यंत नाहीं."

"मग येतों."

पंधरा दिवस तो नुसता येऊन-जाऊन राहिला. जून २०२५ मध्यें नांव घातलें. प्रवेशपत्रांत 'पालकांच्या अपेक्षा' असा एक रकाना होता. चिरंजीवांनीं लिहिलें, 'दहावी'. थोड्या वेळानें तें खोडलें आणि लिहिलें, 'सकाळीं उठावा'. फी आमच्या निवृत्तिवेतनाच्या निम्म्याहून अधिक आहे आणि ती आम्हीच भरतों. त्यावर वाद झाला, पण तो आम्हीं चालूं दिला नाहीं. सरकारी रुग्णालयांतून प्रमाणपत्र काढण्यास तीन हेलपाटे पडले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें मान्य केलेल्या एकवीस प्रकारांत अध्ययन अक्षमता आली आहे, आणि त्या आधारें बोर्डाच्या परीक्षेंत अधिक वेळ, लेखनिक वगैरे मिळूं शकतें. शाळेंतलीं पुष्कळ मुलें मात्र राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या परीक्षेस बसतात; तें १९८९ पासूनचें, आणि त्यांत विषय निवडतां येतात.

तेथें शिकवितात कसें, हें पाहण्याची आमची उत्सुकता साहजिक होती. पहिले दोन महिने त्याला पुस्तक दिलेंच नाहीं. सुतारकाम, स्वयंपाक, मातीकाम, दोरावर चढणें. हाताला आणि डोळ्याला एकमेकांची ओळख करून देण्याचें हें शास्त्र, त्यास व्यवसायोपचार म्हणतात. आपल्याकडे त्याची शाळा मुंबईस के. ई. एम. रुग्णालयांत १९५० सालीं कमला निंबकर या अमेरिकेंत जन्मलेल्या बाईंनीं सुरू केली. मग एक दिवस त्याच्यापुढें परात आली, परातींत बारीक वाळू. विशेष शिक्षिका एकेक ध्वनि तोंडानें म्हणे, तो तें अक्षर बोटानें वाळूंत काढी व तोंडानें तोच ध्वनि म्हणे. आम्हांस हंसूं आलें. हीं तर धुळाक्षरें! आमचे पणजोबा धूळपाटीवर असेच बसले असतील. ती पाटी आम्हीं फेकून दिली, आणि ती आतां नव्या शास्त्राच्या शिक्क्यासह परत आली.

त्या शिक्षिकाबाईंनीं आमच्याच भाषेची लिपि आम्हांस नव्यानें दाखविली. वय फार तर अठ्ठावीस. म्हणाल्या, "काका, 'किती' हा शब्द घ्या. दोन्ही अक्षरांत इकार नंतर ऐकूं येतो. पण पहिल्याची वेलांटी आपण अक्षराच्या आधीं काढतों आणि दुसऱ्याची नंतर. 'सूर्य' म्हणतांना र आधीं, य नंतर. लिहितांना र य-च्या डोक्यावर. शिवाय हाच र 'प्र'मध्यें वेगळा, 'ट्र'मध्यें वेगळा. जो ऐकतो तसंच लिहूं पाहतो, त्याची किती तारांबळ होत असेल!" देवनागरी जशी बोलावी तशी लिहावी, हें वाक्य आम्हीं वर्गांत निदान हजारदां उच्चारलें असेल.

सगळें सुरळीत चाललें असें मात्र नाहीं. ऑगस्टांत एका मुलानें कांहींतरी टोचून बोलल्यावर नातवानें स्टूल उचलून भिंतीवर आपटलें. शाळेंतून फोन आला. आम्ही चेकबुक खिशांत घालून, क्षमेचीं वाक्यें जुळवीत गेलों. बाईंनीं चहा मागविला. नातू एका लहान खोलींत बसला होता, दार उघडें, आणि त्याच्यापासून चार हातांवर एक शिक्षक नुसते बसले होते. बोलत नव्हते. वीस-पंचवीस मिनिटांनीं दोघे उठून सुतारकामाच्या पडवीकडे गेले. स्टूल जोडावयास चार दिवस लागले. शिक्षा म्हणून नव्हे. स्टूल मोडलें आहे आणि उद्यां कोणाला तरी त्यावर बसावयाचें आहे, एवढ्याचसाठीं. आम्हीं शंका काढली कीं, अशानें मुलें शेफारणार नाहींत काय? तेव्हां बाईंनीं आउगुस्ट आयखहॉर्न यांची गोष्ट सांगितली. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियांत बिघडलेल्या मुलांचें एक वसतिगृह त्यांनीं चालविलें. सर्वांत दांडग्या मुलांचा गट वेगळा केला आणि त्यांच्या रागाला रागानें उत्तर द्यावयाचें नाहीं असें ठरविलें. मुलांनीं सामान मोडलें, कांचा फोडल्या. आणि आपल्याला कोणी मारीत नाहीं हें पटल्यावर हळूहळू तीं निवळलीं. त्यांचें पुस्तक १९२५ चें, प्रस्तावना फ्रॉइड यांची. आमची शंका पुरती फिटली असें नाहीं. पण स्टूल आम्हीं पाहिलें, तें डुगडुगत नव्हतें.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारीं घरच्या माणसांनीं शाळेंत जमावयाचें असतें. मूल, आईबाप, आजीआजोबा, समुपदेशिका, सगळे एका वर्तुळांत. ज्याला जें बोलावयाचें तें बोलावें. दुसऱ्यानें मध्यें बोलूं नये. सप्टेंबरच्या बैठकींत आम्हीं फूटपट्टीची गोष्ट काढली. वर्षानुवर्षें ती घशाशीं होती. "तुला त्या दिवशीं मीं मारलं. किती मारलं तें मला आठवत नाहीं," असें आम्ही म्हणालों. ('आम्हीं' म्हणण्याचें धैर्य त्या वर्तुळांत झालें नाहीं.)

"सात," नातू म्हणाला.

नंतर कोणीच कांहीं बोललें नाहीं. समुपदेशिकाही बोलल्या नाहींत. घरीं येतांना रिक्षांत तो आमच्या शेजारीं बसला. एरवीं तो पुढें, चालकाजवळ बसतो.

नोव्हेंबरांत पुन्हा तीन दिवस तो अंथरुणांतून उठला नाहीं. घरांत जुनी भीति पसरली. चौथ्या दिवशीं तो आपण होऊन उठला आणि शाळेच्या गाडींत बसला. औषधाची मात्रा आतां कमी होत आहे, पण थांबलेली नाहीं, आणि कधीं थांबेल हें डॉक्टर सांगत नाहींत. वाचन पांचवीच्या मुलापर्यंत आलें आहे. नातीसाठीं आलेल्या एका स्थळाला आम्हीं आपण होऊन सगळें सांगितलें. त्यांनीं 'नंतर कळवितों' म्हणून सांगितलें, तें अद्याप कळविलेलें नाहीं. नात म्हणाली, "सुटलें."

शाळेचा आणखी एक नियम आहे. घरांतल्या कोणीतरी महिन्याला एक पान लिहून द्यावयाचें: या महिन्यांत घरीं काय घडलें. तें काम आमच्याकडे असतें. आमच्या लेखनाविषयीं येथें एक खुलासा करावयास हवा. १९६२ सालीं शुद्धलेखनाचे नवे नियम झाले आणि न उच्चारलीं जाणारीं टिंबें गेलीं. आमच्या वडिलांना तें मान्य नव्हतें; त्यांच्या धाकांत जो हात वळला तो वळला. वर्गांत फळ्यावर आम्ही नियमाप्रमाणें लिहीत असूं, घरीं वडिलांप्रमाणें.

गेल्या महिन्याचें पान लिहून आम्हीं टेबलावर ठेवलें होतें. नातू आला, उभ्याउभ्या तें हातांत घेतलें, आणि बोट ठेवून, ओठ हलवीत वाचूं लागला. आम्हीं वर्तमानपत्र वाचण्याचें सोंग केलें. बराच वेळ लागला. एक पान वाचावयास पाऊण तास.

"आजोबा, हें टिंब बोलायचं असतं?"

"नाहीं."

"मग देतां कशाला?"

आम्ही सांगूं लागलों कीं, पूर्वीं या ठिकाणीं उच्चार नाकांतून होत असे, पुढें तो लोपला, खूण तेवढी राहिली. त्यानें ऐकून घेतलें, पण त्याचें लक्ष कागदावर होतें. पेन्सिल घेऊन तो टिंबें मोजीत होता.

"एकशें बारा," तो म्हणाला. "पण एक तुम्ही विसरलांत. खालून तिसऱ्या ओळींत, 'नाही'वर. बाकी सगळीकडे दिलं आहे."

आम्हीं चष्मा शोधला आणि ती ओळ पाहिली. टिंब नव्हतें.